सोळा दात, सतरा दात

जालना भागातलं जांब समर्थ आणि अख्खा घनसावंगी तालुका काळ्या जमिनीचा. पावसाळ्यात इथला चिखल मडगार्डमध्ये बसला की काडीनं उकरून काढावा लागतो. जुन्या लोखंडी सिलिंडरच्या ३५० बुलेटला पुढे १६ दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, असायचं, मागे ३८ दातांचं. वेग बेताचा, पण ओढ जबर. मागे बियाण्याच्या थैल्या बांधून पहिल्या-दुसऱ्या गिअरात गाडी शेत गाठायची. दात वाढवायचं कुणाच्या मनात येत नव्हतं, कारण वेग वापरायला रस्ताच नव्हता.

रस्ते हळूहळू आले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यानं खडी फोडून कितीतरी रस्ते केले. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला, कचेरीच्या कामांना लोक जालन्याला जाऊ लागले. २००० नंतर ग्रामसडक योजनेनं गावोगावी डांबर नेलं. डांबरावर मात्र तीच बुलेट साठच्या पुढे गुरगुरायची, फूटरेस्ट थरथरायचे. मग पुढच्या बाजूला १७ दातांचं स्प्रॉकेट बसू लागलं.

हिशोब सरळ आहे. ज्या वेगाला १६ दातांवर इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं, त्याच वेगाला १७ वर साधारण २८२५ आणि १८ वर २६६७. पुढचा एक दात मागच्या दोनांहून भारी. शिवाय मागचं स्प्रॉकेट ब्रेकच्या ड्रमसकट एकसंध ओतलेलं, म्हणून सगळा खेळ पुढेच. पण ते पुढचं क्लचच्या मागे दडलेलं. डावं झाकण उघडा, ऑईल काढा, क्लच आणि प्रायमरी चेन उतरवा, आतलं कव्हर सोडवा, तेव्हा कुठे नट दिसतो. एका दातासाठी अर्धा दिवस जातो, आणि मिस्त्री तो मन लावून देतात, याचं मला फार कौतुक आहे.

१८ चा मोह मला पटत नाही. डबलसीट, वर ओझं आणि समोर चढ असला की चौथा गिअर दम सोडतो, सारखं तिसऱ्यात यावं लागतं. आणि एवढा वेग कुठे वापरणार? जिल्ह्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगीच नाही. आपल्या रस्त्यांना १७ पुरतात. काढलेलं १६ चं स्प्रॉकेट मात्र दात शाबूत असतील तर मोडीत देऊ नका; गाडी पुन्हा शेताच्या कामाला लागली तर तेच लागेल.