पाऊस रीलमध्ये भारी, पण...

आंबेनळी घाटातल्या धुक्याचं रील बघून तुम्ही म्हणता, "कसलं भारी!" पण महाड-पोलादपूरच्या पोरांना विचारा. तिथे पाऊस चार महिने मुक्कामालाच असतो. जीन्स वाळत नाही, वह्यांना बुरशी येते, हे तर किरकोळच. रस्त्यावर दरड आली की एसटी बंद, म्हणजे कॉलेजही बुडालं. सावित्रीचं पाणी चढलं की महाडच्या बाजारपेठेत माल माळ्यावर चढवायची धावपळ. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, सोबत दोन एसटी गाड्याही. २२ जुलै २०२१ला तळियेत दरड कोसळली. ८० हून जास्त माणसं गेली. म्हणून इथली आई "छत्री घेतलीस का?" हे नंतर विचारते. आधी विचारते, "परत कसा येशील?"