ठेव वाढली, पुढे काय?

बँका, पतसंस्था, विमा आणि शेअर बाजार वाढले की बचत आणि विकास आपोआप वाढतात, असे सरसकट मानले जाते. अनुभव मात्र ठिकठिकाणी वेगळा आहे.

गैरसमज : गरिबाच्या हाती शिल्लकच नसते, त्याला बँक कशाला?

वस्तुस्थिती : सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी महिलांची बँक काढायचे ठरवले, तेव्हा सभासद निरक्षर असल्याने रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. त्या बायका अक्षरे गिरवून पुन्हा मुंबईला गेल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बँकेत यायचे तर मजुरी बुडते, म्हणून बँकेचे प्रतिनिधीच दारोदार जाऊन पैसे जमा करू लागले. बचतीची ताकद होती; सोय नव्हती.

गैरसमज : बचत झाली की विकास होतोच.

वस्तुस्थिती : कपाटात पडून असलेले सोनेही बचतच, पण त्यातून कुणाची विहीर खोदली जात नाही. बँकेतली ठेव कर्ज होऊन दुसऱ्याच्या कामी येते. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७७ ते १९९० या काळात बँक असलेल्या गावात एक शाखा उघडायची, तर बँक नसलेल्या गावांत चार उघडाव्या लागत. अर्थतज्ज्ञ रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांच्या २००५ मधल्या अभ्यासानुसार या विस्ताराने ग्रामीण दारिद्र्य घटले. मात्र कर्जांची थकबाकीही मोठी राहिली.

गैरसमज : कर्ज सोपे झाले की लोक जास्त बचत करतात.

वस्तुस्थिती : अनेकदा उलटे घडते. घरासाठी आधी मोठी रक्कम साठवावी लागत नसेल, तर बचतीची निकड कमी होते. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये कर्जावरचे निर्बंध सैल झाले आणि कुटुंबांच्या बचतीचे प्रमाण घसरले.

गैरसमज : वित्तक्षेत्र जितके मोठे, तितकी प्रगती जास्त.

वस्तुस्थिती : आइसलंडच्या तीन मोठ्या बँकांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या कितीतरी पट फुगला होता. ऑक्टोबर २००८ मध्ये त्या काही दिवसांत कोसळल्या. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या ठेवीदारांचेही पैसे अडकले.

कर्ज कुणाकडे जाते, यानेही फरक पडतो. उद्योगांना दिलेल्या कर्जाचा विकासाशी जसा संबंध आढळतो, तसा घरगुती कर्जाचा आढळत नाही, असे अनेक देशांच्या आकडेवारीवरून दिसले आहे. भारतात शेती, उद्योग, सेवा आणि वैयक्तिक कर्जे अशी विभागणी रिझर्व्ह बँक दर महिन्याला प्रसिद्ध करते. ठेवींच्या विक्रमाची बातमी वाचताना तीही पाहायला हवी.