ऑपरेशन तासाभराचं, वाट पाहणं किती?

समजा, सुरगाण्याहून हर्नियाचा एक पेशंट नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात आला. ऑपरेशनला किती वेळ लागेल, हे सर्जन चटकन सांगेल: तासभर. पण नंबर कधी लागेल? इथे अनुभवी सर्जनही अडखळतो, आणि त्यामागचं गणित थक्क करणारं आहे.

ऑपरेशनसाठी भूलतज्ज्ञ, हत्यारं हातात देणारी सिस्टर, निर्जंतुक ट्रे, स्ट्रेचर ओढणारे मामा आणि नंतरची खाट, हे सगळं एकाच वेळी जुळून यावं लागतं. ट्रेचंच पाहा. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर हत्यारं 15 मिनिटं राहिली की जंतू मरतात. पण तापणं, सुकणं, निवणं धरलं तर बराच वेळ जातो. सेट एकच असेल तर सर्जन हात धुऊन तयार असूनही दुसरी केस थांबते. आणि वॉर्डात डिस्चार्जचा कागद रेंगाळला की खाट अडते, खाट अडली की रिकव्हरी तुंबते, आणि थिएटरातला पेशंट टेबलावरच राहतो. ऑपरेशन थिएटर असं वॉर्डातल्या एका सहीसाठी बंद पडू शकतं!

अशा प्रतीक्षेचं गणित मुळात टेलिफोनमधून आलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणितज्ञ एर्लांग 1909 साली फोनच्या कॉल्सचं गणित मांडत होते. रांगांचं शास्त्र तिथून सुरू झालं. येणाऱ्यांची वेळ आणि प्रत्येकाला लागणारा वेळ, दोन्ही बेभरवशाचे असतील, तर साध्यात साध्या रांगेत टेबल 80 टक्के वेळ व्यस्त असताना सरासरी प्रतीक्षा एका कामाच्या वेळेच्या 4 पट होते. 90 टक्क्यांना 9 पट, 95 टक्क्यांना 19 पट. म्हणजे रोजच्या 10 तासांत 8 तासांचं काम असलेल्या टेबलावर भूलतज्ज्ञ रोज एक तास कमी मिळाला, तरी रांग दुपटीवर जाते. गेला एकच तास!

त्यात रात्री पेठहून 108 रुग्णवाहिकेतून अडलेली बाळंतीण येते. सिझेरियन आधी व्हायलाच हवं. हर्नियावाला उपाशीपोटी थांबलेला असतो. त्याची तारीख पुढे जाते, त्याची आणि सोबत आलेल्याची मजुरी बुडते. मला हीच या विषयातली सर्वांत दुखरी जागा वाटते.

मग तज्ज्ञ किती हवेत? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2015 मध्ये लाख लोकांमागे किमान 20 सर्जन, भूलतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ सुचवले. 2011च्या जनगणनेतल्या नाशिक जिल्ह्याच्या 61 लाखांना ते लावलं, तर 1,220 तज्ज्ञ लागतात. आणि ते फक्त शहरात असून भागत नाही.

दोन केसेसमधला वेळ वाचवायचा एक मार्गही आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात शेजारच्या टेबलावर पुढचा पेशंट तयार असतो. एक शस्त्रक्रिया संपली की सर्जन मायक्रोस्कोप तिकडे वळवतो. मोतीबिंदूच्या केसेस बऱ्याचशा एकसारख्या, म्हणून हे जमतं. अपघात आणि अडलेली बाळंतपणं तशी वेळापत्रकात बसत नाहीत. त्यांच्यासाठी एक टेबल आणि एक भूलतज्ज्ञ मोकळा राखून ठेवावा लागतो, आणि हिशेबाच्या वहीत तो खर्च वाया गेलेला धरू नये.