वाइनचा गुण आणि बोदलकशाचे मोहफूल

शेतमालास आपल्या प्रदेशाचे नाव लाभणे ही सामान्य गोष्ट नव्हे. ‘शँपेन’ हे मुळात फ्रान्समधील एका प्रांताचे नाव होय. तेथील थंड हवेमुळे द्राक्षातील आंबटपणा टिकून राहतो आणि खडूच्या जमिनीत वेलीच्या मुळांना ओलावा मिळत राहतो. त्यामुळे तेथील फेसाळ वाइन हलकी व तजेलदार होते. त्याच देशातील बोर्दो प्रांतात खडेमिश्रित, चांगल्या निचऱ्याची जमीन आहे. तेथे होणारी तांबडी वाइन तुरट असून पुष्कळ वर्षे टिकते. वाइनचा गुण कारखान्यात नव्हे, तर प्रथम शेतात घडतो, हे यावरून ध्यानात येईल.

आपल्या राज्यात नाशिकचे उदाहरण आहे. हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तेथील बागायतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळा सरताना फळछाटणी करतात. त्यामुळे फळ कोरड्या हिवाळ्यात पोसते. दिवसाच्या उन्हाने साखर भरते, तर रात्रीच्या गारव्याने आंबटपणा राखला जातो. घडांची संख्या मर्यादित ठेवल्याने रसास दाटपणा येतो. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावास भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामागे अशी शिस्त आहे.

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा तलावाच्या परिसरात द्राक्षे लावावीत काय, असा प्रश्न कोणी विचारील. हा भाग अधिक पावसाचा व भाताच्या बांध्यांचा असल्याने तो खटाटोप करू नये. आपल्या भूमीने मोहाचे झाड दिलेलेच आहे. मार्च-एप्रिलमध्ये, शेतात काम नसते अशा वेळी, त्याची फुले गळतात. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. वाइन ही केवळ रस आंबवून होते, तर मोहाची दारू आंबवणानंतर भट्टीवर गाळून काढतात. मध्य प्रदेश शासनाने २०२२ साली अशा दारूस वारसा पेय म्हणून मान्यता देण्याचे धोरण स्वीकारले. आपल्या राज्यात मात्र परवान्यावाचून दारू गाळणे हा गुन्हा आहे. आपला लाभ भट्टीत नसून चोख फुलांत आहे. खाण्याचे पदार्थ करणाऱ्यासही स्वच्छ फूलच लागते.

माती, राख व बुरशी लागलेल्या फुलास व्यापारी कमी भाव देतो आणि त्यास बोलण्यास जागा उरत नाही. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. झाडाखालील पालापाचोळा पेटवू नये. त्याने जंगलास वणवा लागतो, कोवळी रोपे जळतात व फुलास राख लागते. पाचोळा झाडून बाजूस करावा.

२. झाडाखाली जाळी किंवा स्वच्छ जुने कापड बांधावे, म्हणजे फूल मातीस लागत नाही.

३. फुले रोज सकाळी वेचावीत. ती स्वच्छ चटईवर पातळ पसरून वाळवावीत. रस्त्यावर वा उघड्या मातीवर पसरू नयेत.

४. खाण्यासाठी ठेवावयाच्या फुलांतील पुंकेसर काढून टाकावेत.

५. फुले पूर्ण वाळल्यावरच हवाबंद डब्यांत भरावीत. पावसाळ्यात ती हवेतील ओल शोषून घेतात व त्यांना बुरशी धरते.

६. जाळीवर पडलेली व जमिनीवरून वेचलेली फुले एकत्र मिसळू नयेत.

राज्य शासनाने २०२१ साली मोहफुलांच्या साठवणुकीवरील व वाहतुकीवरील निर्बंध शिथिल केले. तेव्हा गळीच्या दिवसांतच माल विकून टाकण्याची घाई करण्याचे कारण नाही. मात्र नागझिऱ्याचे संरक्षित वन जवळच असल्याने, कोणत्या वनात फुले वेचता येतील याची वन कार्यालयाकडे आधी चौकशी करावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी यंदा गावातील एकाच झाडाखाली जाळी बांधून दाखवावी आणि दोन्ही प्रकारची वाळलेली फुले शेजारी शेजारी ठेवावीत. नाशिकला नाव मिळाले ते बागेतील शिस्तीमुळे. बोदलकशाच्या फुलासही तसे नाव मिळू शकेल, परंतु त्याआधी माल चोख हवा.