शब्द हरवत नाही, वाट हरवते

आज मी अफेझियाबद्दल, म्हणजे वाचाघाताबद्दल बोलतेय. पक्षाघाताचा झटका आल्यावर अनेकांना हा होतो. ताटातला पापलेट ओळखता येतो, पण नाव ओठांवर येत नाही. म्हणजे बुद्धी गेली असं नाही. शब्दापर्यंतची वाट बिघडलेली असते.

स्पीच थेरपिस्ट तीच वाट पुन्हा घडवतात. हा प्राणी की भाजी? मासा. मिळतो कुठे? आपल्या उत्तनला. दिसतो कसा? चपटा, चंदेरी. तरी अडलं, तर पहिला आवाज देतात, 'पा...' आणि बरेचदा शब्द सुटतो! हे रोज, पुन्हा पुन्हा करायचं.

आपण घरी काय करतो? घाईने शब्द सांगून टाकतो. त्यापेक्षा थांबा. खुणा करू द्या, मोबाइलमधले घरचे फोटो दाखवा.

मीरा-भाईंदरकरांनो, वांद्र्याला १९८३ पासून केंद्र सरकारची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. लोकलने थेट जाता येतं.

आणि कुणाचं बोलणं अचानक अडखळलं, तर मात्र थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या ४.५ तासांतच देतात.