टिकणे आणि पिकणे : कोरडवाहू पिकांची पाण्याची काटकसर

म्हैसूरहून नंजनगुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडकोळ हे गाव लागते. आज हे नाव औद्योगिक वसाहतीमुळे अधिक परिचित असले, तरी या परिसराची मूळ ओळख तांबड्या, हलक्या जमिनीची आणि नाचणीची आहे. वार्षिक पाऊस साधारण ७५० ते ८०० मिलिमीटर. त्याचे दोन भर असतात, एक मे महिन्यातील वळवाचा आणि दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरमधील परतीचा. मधल्या काळात सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे लांब उघडीप पडते. सोलापूर शहराची सरासरीही सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. पावसाचा आकडा जवळजवळ सारखा असताना एका ठिकाणी नाचणी आणि दुसऱ्या ठिकाणी रब्बी ज्वारी हेच मुख्य धान्य का ठरले, हा प्रश्न पीकनियोजन करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे. त्याचे उत्तर पर्जन्यमापकात सापडत नाही. जमीन किती ओल साठवते आणि ती ओल वनस्पती कोणत्या वेळी व कशी खर्च करते, यात ते आहे.

‘दुष्काळ सहन करणारे’ हे विशेषण अलीकडे वाण, फळझाडे आणि चारापिके यांच्या प्रचारात सर्रास वापरले जाते. परंतु वनस्पतींनी कोरड्या हवामानात तगण्यासाठी शोधलेल्या वाटा अनेक आहेत. त्यांतील काही वाटा जीव वाचवतात पण दाणा देत नाहीत. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही.

पाण्याचा सौदा

वनस्पतीची मूळ अडचण अशी की अन्न आणि पाणी यांचे दार एकच आहे. पानावरील सूक्ष्म पर्णरंध्रे उघडली की हवेतील कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर पडते. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी अगदी थोडा भाग वनस्पतीच्या अंगी राहतो, बाकी सारे उडून जाते. जमीन कोरडी होऊ लागली की मुळांकडून तसा संदेश पानांपर्यंत पोहोचतो, ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि रंध्रे मिटू लागतात. पाणी वाचते, पण त्याच क्षणी अन्न तयार होणेही मंदावते. भर दुपारी ज्वारीची पाने सुरळी करतात, तेव्हा पीक मेलेले नसते. त्याने दुकान तात्पुरते बंद केलेले असते. मात्र दुकान बंद असेपर्यंत कमाईही नाही.

या सौद्याचा भाव प्रत्येक वनस्पतीत वेगळा असतो. गहू, भात, हरभरा, तूर ही ज्या गटात मोडतात, त्या सी-३ वनस्पती कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवण्यासाठी पाण्याचे साधारण ४०० रेणू गमावतात. नाचणी, ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस या सी-४ वनस्पतींना तेवढ्याच कामासाठी सुमारे १५० रेणू पुरतात, कारण त्यांच्या पानांत कार्बन डायऑक्साइड गोळा करून एकवटण्याची जादा यंत्रणा असते आणि रंध्रे अर्धवट मिटलेली असतानाही ती चालते. निवडुंग, घायपात, अननस, ड्रॅगन फ्रूट यांचा तिसरा गट ‘कॅम’ नावाने ओळखला जातो. या वनस्पती दिवसा रंध्रे बंद ठेवतात, रात्रीच्या गारव्यात ती उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठवतात आणि दिवसा उन्हात त्याचे अन्न करतात. त्यांचा खर्च पन्नास रेणूंच्या आसपास उतरतो.

शेतावर हा फरक मोजण्याचे काम शंभर वर्षांपूर्वीच झाले होते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ब्रिग्ज आणि शँट्झ या शास्त्रज्ञांनी कुंड्यांत पिके वाढवून एक किलो कोरड्या वजनामागे किती पाणी लागते याचे मोजमाप केले. लसूणघासाला आठशे किलोंहून अधिक, गव्हाला पाचशेहून अधिक आणि ज्वारीला तीनशेपेक्षा थोडे जास्त पाणी लागल्याचे त्यांना आढळले. ऊस हाही सी-४ गटातील आहे, हे येथे लक्षात ठेवावे. पाण्याचा दर स्वस्त असला तरी वर्षभर हिरवा राहणारा प्रचंड पसारा एकूण पाणी किती उचलेल, हे त्या दरावरून कळत नाही.

वाळवंटातील तीन वाटा

वाळवंटी वनस्पतींचे वागणे पाहिले की या वाटा स्पष्ट दिसतात. पहिली वाट दुष्काळ टाळण्याची. पाऊस पडताच उगवायचे, काही आठवड्यांत फुलून बी टाकायचे आणि कोरडा काळ बियाच्या रूपात काढायचा. पश्चिम राजस्थानातील मटकी आणि लवकर येणारी बाजरी याच स्वभावाची आहे.

दुसरी वाट पाणी मिळवत व राखत राहण्याची. थरच्या वाळवंटातील खेजडी हे तिचे ठळक उदाहरण. खेजडी म्हणजे आपली शमी, कन्नडमधील बन्नी. म्हैसूरच्या दसऱ्याची मिरवणूक जेथे संपते, त्या बन्नीमंटपाचे नाव याच झाडावरून आले आहे. धार्मिक कारणाने महाराष्ट्र आणि कर्नाटकात पूजले जाणारे हे झाड वाळवंटाचे मुख्य झाड आहे, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. त्याची मुळे खूप खोल जातात. भर उन्हाळ्यात, पाऊस दूर असताना, त्याला नवी पालवी फुटते. जमिनीच्या वरच्या थराशी त्याचा फारसा झगडा नसल्याने त्याच्याखाली बाजरी चांगली येते, म्हणून राजस्थानचा शेतकरी शेतातील खेजडी तोडत नाही. जोधपूर येथे १९५९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने या झाडावर दीर्घकाळ काम केले आहे.

तिसरी वाट खऱ्या अर्थाने सोसण्याची, म्हणजे अंगातील पाणी जवळपास सगळे गेले तरी पेशी शाबूत ठेवण्याची. यासाठी वाळवंटात जाण्याची गरज नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटातील सडे आणि खडकाळ भागांत पूर्ण वाळून पुन्हा हिरव्या होणाऱ्या ६२ वनस्पतींची नोंद केली आहे. पूर्वी अशा जेमतेम नऊच माहीत होत्या. उन्हाळ्यात या वनस्पती काडीसारख्या वाळतात आणि पावसाचे पाणी लागताच हिरव्या होतात. पेशींतील विशिष्ट शर्करा आणि संरक्षक प्रथिने पाण्याची जागा घेऊन आतील रचना कोसळू देत नाहीत. मात्र त्या आकाराने लहान आणि वाढीला मंद आहेत. पिकांत हा गुण आणण्याची कल्पना आकर्षक असली, तरी शेतकऱ्याने त्यासाठी थांबावे अशी ती आज नाही.

तांबडी जमीन, काळी जमीन

आता पुन्हा कडकोळच्या शिवाराकडे वळू. दीड-दोन फूट खोलीच्या तांबड्या जमिनीत पिकाला मिळू शकणारी ओल ढोबळमानाने ४० ते ५० मिलिमीटर असते. दिवसाला चार मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर पावसाचा खंड दहा-बारा दिवसांवर गेला की कोठार रिकामे होते. अशा जागी खोल मुळांचा उपयोग मर्यादितच, कारण खाली साठाच नाही. येथे उपयोगी पडते ती खंडात थांबण्याची आणि पाऊस येताच पुन्हा वाढीला लागण्याची क्षमता. नाचणीकडे ती आहे. ओल संपली की तिची वाढ थबकते, पाने मलूल होतात; पाऊस झाला की नवे फुटवे धरून ती झालेले नुकसान बऱ्याच अंशी भरून काढते. ही सवलत फुटव्यांच्या काळापुरती असते. कणसे बाहेर पडताना ताण बसला, तर नाचणीलाही दुसरी संधी नाही.

दक्षिण कर्नाटकातील शेतकऱ्यांनी या स्वभावाला आणखी एक आधार जोडला. ‘अक्कडी सालु’ नावाच्या तेथील जुन्या पद्धतीत नाचणीच्या ठरावीक ओळींनंतर वाल, तूर, एरंडी, कारळा यांच्या ओळी असतात. नाचणीची तंतुमय मुळे वरचा थर वापरतात, तूर आणि एरंडीची मुळे खाली उतरतात. नाचणी निघाल्यावर परतीच्या पावसाची उरलेली ओल तूर आणि वाल वापरतात. एकाच शेतात टाळणारे, थांबणारे आणि खोल जाणारे अशा तिन्ही स्वभावांची पिके शेजारी उभी राहतात. हे विमाच म्हणावे लागेल, आणि त्याचा हप्ता म्हणजे आंतरमशागतीची व काढणीची थोडी अडचण. यंत्राने काढणी करण्याच्या आजच्या काळात ही अडचण खरी आहे आणि पद्धत मागे पडण्याचे तेही एक कारण आहे.

मोहोळची परिस्थिती याच्या उलट. खोल काळी जमीन सप्टेंबरच्या पावसाने एकदा भरली की तिच्यात दीडशे मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उपलब्ध ओल राहते. त्यानंतर पाऊस जवळजवळ नसतो. म्हणजे पिकाला महिन्यांचा शिधा एकदाच मिळतो आणि तो दाणे भरेपर्यंत पुरवायचा असतो. येथे थांबून राहण्याचा उपयोग नाही, कारण ज्या पावसाची वाट पाहायची तो येणारच नसतो. हवी असते ती खोल मुळे आणि शिध्याची योग्य वाटणी. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण या कामासाठी इतका चपखल ठरला की पुढे अनेक वाण येऊनही तो शेतातून हटला नाही. सोलापूर व विजापूर येथे १९३३ साली सुरू झालेल्या कोरडवाहू संशोधनाचा, आणि त्यातील ना. वि. कानिटकर यांच्या कामाचा, रोखही हाच होता : आधी जमिनीत पाणी मुरवणे, मग ते पिकाच्या शेवटच्या अवस्थेपर्यंत टिकवणे.

शिधा शेवटापर्यंत पुरवणे

दाणे भरताना पाने हिरवी ठेवणाऱ्या ज्वारीवर ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि हैदराबादजवळील इक्रिसॅट येथे गेली काही दशके संशोधन झाले. आरंभी अशी ज्वारी अधिक पाणी ओढते असा समज होता. पुढे दिसले की तिच्या यशाचे मोठे कारण सुरुवातीच्या काटकसरीत आहे. ती फुटवे कमी धरते, पानांचा पसारा आटोपशीर ठेवते, आणि फुलोऱ्यापूर्वी वाचवलेले पाणी फुलोऱ्यानंतर वापरते. फुलोऱ्यानंतर मिळालेले थोडे पाणीही थेट दाण्यात उतरते. उलट, आरंभी तरारून वाढलेले दाट पीक हुरड्याच्या सुमारास कोरडे पडते, ताटे आतून पोकळ होऊन खडखड्या रोगाला बळी पडतात आणि जमिनीवर लोळतात.

रब्बी ज्वारीच्या जुन्या शिफारशींचा अर्थ या प्रकाशात अधिक स्पष्ट होतो. ४५ बाय १५ सेंटिमीटर अंतर ठेवून वेळेवर विरळणी करणे म्हणजे हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार ताटांपुरतीच शिध्याची वाटणी करणे होय. वाळवंटातील झुडपे एकमेकांपासून दूर असतात, त्यामागेही पाण्याचीच मर्यादा आहे. विरळणीस मजूर मिळत नाहीत म्हणून ती टाळली, तर चांगल्यातला चांगला वाणही तहानेने हरतो. कोळपणीचेही तसेच. पीक तीन आठवड्यांचे असताना फटीच्या कोळप्याने, पाच आठवड्यांचे असताना पासेच्या कोळप्याने आणि आठ आठवड्यांचे असताना दातेरी कोळप्याने पाळी द्यावी अशी शिफारस आहे. शेवटच्या पाळीने भेगा बुजतात आणि खोलवरची वाफ अडते. तिसरी कोळपणी सर्वाधिक चुकवली जाते, आणि पाण्याच्या दृष्टीने तीच सर्वाधिक मोलाची.

वाण निवडतानाही जमिनीची खोली आधी पाहावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा आणि बागायतीसाठी फुले रेवती अशी विभागणी केली आहे. भारी जमिनीचा उशिरा येणारा वाण मुरमाड माळावर पेरला, तर त्याची खोल मुळे खडकावर अडतात आणि दाणे भरण्याआधीच ओल संपते.

कॅम वनस्पतींबाबतही थोडी स्पष्टता हवी. दुष्काळी भागात ड्रॅगन फ्रूटची लागवड वाढत आहे आणि बारामतीजवळील माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेनेही त्यावर काम केले आहे. हे झाड कमी पाण्यात जगते ही गोष्ट खरी. पण फुले आणि फळे लागताना त्याला नियमित ठिबक लागते, आणि एप्रिल-मेच्या कडक उन्हात खोडे भाजून पिवळी पडतात. पाणी लागतच नाही असे सांगून रोपे विकली जात असतील, तर विस्तार कार्यकर्त्यांनी तेथेच हस्तक्षेप करावा.

डाळिंबाचा शेतकरी मात्र हा हिशेब फार पूर्वीपासून जाणतो. बहार धरण्यासाठी तो पाणी तोडून बागेला ताण देतो, पानगळ होऊ देतो आणि मग पाणी सोडून एकसारखी फुले आणतो. झाड दुष्काळाला जे उत्तर देते, त्याचाच येथे उपयोग केला जातो. ताणाचा काळ जमिनीनुसार बदलतो : हलक्या जमिनीत तो थोड्या दिवसांत बसतो, भारी काळ्या जमिनीत पाणी तोडल्यावरही झाड बराच काळ साठ्यावर चालते. शेजाऱ्याच्या तारखा पाहून पाणी तोडणाऱ्या बागाईतदाराची फुले पुढे-मागे येतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.