परताव्याची चोरी आणि पगाराचा कागद

पगारातून कर आधीच कापायचा आणि जास्त कापला गेला तर परत द्यायचा, ही रीत आपल्याप्रमाणे अमेरिकेतही आहे. तिथे मालक नोकराला ‘डब्ल्यू-२’ नावाचा कागद देतो. वर्षाचा पगार किती, कर किती कापला, हे त्यात असते. त्याचीच एक प्रत सरकारकडे जाते.

आता चोराची युक्ती पाहा. दुसऱ्याचे नाव व सामाजिक सुरक्षा क्रमांक मिळवायचा, पगाराचे खोटे आकडे लिहायचे आणि सर्वांच्या आधी परतावा मागायचा. पूर्वी मालकाने संगणकाद्वारे पाठवायची प्रत मार्चअखेर पोचली तरी चाले. परतावे मात्र फेब्रुवारीतच सुटत. म्हणजे मापाड्याने पोती मोजण्याआधीच पट्टीचे पैसे चुकते! मागाहून खरा कामगार आला, की त्याचाच अर्ज अडे आणि हक्काच्या पैशासाठी त्याला ताटकळावे लागे.

२०१५ साली कायदा झाला. २०१७ पासून मालकाची प्रत ३१ जानेवारीपर्यंत पोचवावी लागते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी असलेल्या काही सवलती मागणाऱ्यांचा परतावा १५ फेब्रुवारीपूर्वी देता येत नाही. २०१६ साली काही कागदांवर १६ चिन्हांचा संकेत छापण्याचा प्रयोगही झाला. आकडा बदलला, की संकेत जुळत नसे.

सार एवढेच, की आधी पडताळा, मग पैसा. आपल्याकडेही कापलेल्या कराची नोंद मालक सरकारला देतो. तेव्हा शिक्षकबंधूंनो, कोणी जादा परताव्याची लालूच दाखवली, तर पगाराच्या कागदावरचा आकडा आधी पाहा. अर्जावरची सही आपली असते!